ज्याचा फाउल, त्याचा हात वर

माझं नाक मोडणारा माणूस आज सकाळी सेवाग्रामला वारला.

देवराव ढगे. बोरगाव मेघेचे. आमचे देवाभाऊ, बास्केटबॉलचे कोच.

सकाळपासून ग्रुपवर फिरून राह्यलं की त्यांचा उजवा हात सायकलवरून पडून गेला होता.

चूक.

हात पडून गेला नाही, मोडला गेला. लोखंडी सळाखीने. आणि आपल्याच माणसांनी.

मी दहावी नापास आहे. पण चुकीचं लिहीत नाही, आणि दुसऱ्याने लिहिलेलं खपवूनही घेत नाही. म्हणून ही पोस्ट.

सत्तरच्या दशकात देवाभाऊ वर्धा जिल्ह्यातल्या एका कापड गिरणीच्या टीममधून खेळायचे. घरची भाजीची वाडी. विहिरीचं पाणी ओढून ओढून खांदे असे झालेले की ते रिंगखाली उभे राहिले की दुसऱ्याला शिरायला जागाच नाही.

शिरला, तर कोपर.

मुरमाचं ग्राउंड होतं. पडलं की गुडघ्याची साल निघायची. तेव्हाचा बास्केटबॉल म्हणजे बॉल घेऊन केलेली मारामारीच.

पण एक नियम होता, नव्या पोरांना तो माहीत नाही. फाउल झाला की ज्याचा फाउल त्याने स्वतः हात वर करायचा. सगळ्यांना दिसेल असा. पुढे हा नियम गेला. (नियमांचं पुस्तक मी इंग्रजीत वाचलंय, डिक्शनरी मांडीवर घेऊन. कमेंटमध्ये वाद घालू नका.)

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. देवाभाऊंनी स्वतः सांगितलं तसंच लिहितो.

नागपूरच्या एका ऑफिसच्या टीमशी फायनल होती. गिरणी एका पॉइंटने पुढे. मॅच संपतच आलेली. नागपूरचा एक जण रिंगखाली उडाला आणि देवाभाऊंचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं.

दात मुरमावर पडले. बनियन लाल.

पंचाला दिसलं नाही. शिट्टी नाही.

देवाभाऊंनी हात वर केला.

उजवा. सरळ.

मग पंचाने फाउल दिला. जखमी खेळाडूच्या बदली आलेल्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले, आणि गिरणी हरली.

नंतर देवाभाऊ नळावर तोंड धूत होते. मागून डोक्यावर पोतं पडलं. तिघाचौघांनी दाबून धरलं, उजवा हात नळाच्या दगडावर लांब केला आणि सळाख घातली. खांद्यावर, कोपरावर. हाड बाहेर आलं तरी थांबले नाहीत.

"घे बे हरामी! आता कर हात वर!"

तो हात पुन्हा कधी वर गेला नाही. खेळ संपला. गिरणीनेही काढून टाकलं.

आणि ज्यांच्या खेळाडूचे दात पडले होते, त्याच नागपूरवाल्यांनी त्यांना बोलावून टीमचं कोच केलं. पगारी कोच! आमच्याकडे तोवर कोच म्हणजे शाळेतले पीटीचे सर. फक्त कोचिंगवर पोट भरणारा माणूस आम्ही पहिल्यांदा पाहिला तो हाच.

ऐंशीच्या दशकात रविवारी ते आम्हा पोरांना वर्ध्यात शिकवायचे. शिकवायचे म्हणजे मारायचेच. रिबाउंड कसा अडवायचा हे दाखवताना डावं कोपर असं फिरवलं की माझं नाक कडकन वाजलं.

डोळे उघडले तर देवाभाऊ समोर उभे. डावा हात वर.

"फाउल माया. फ्री थ्रो घे."

"भाऊ, रक्त येऊन राह्यलं ना!"

"मंग? नाकानं टाकतं का बे बॉल? घे!"

घेतला. दोनातला एक गेला.

नाकाला पट्टी होती त्याच आठवड्यात मी त्यांच्या वाडीत गेलो. ते डाव्या हाताने मेथी उपटत होते. विचारलं, "भाऊ, कोन होता तो सळाखवाला?"

"पोत्यातूनबी आवाज ओळखू येते लेका. एका डब्यात जेवत होतो आमी."

"मंग नाव सांगा! आमी पोट्टे जातो अन् त्याचे पाय तोडतो."

खाडकन थापड बसली. मोडक्या नाकासकट डोकं हललं.

"मी काऊन सांगू नाव? फाउल माया हाये का? ज्याचा फाउल, त्याचा हात वर. मी वाट पाहून राह्यलो."

पुन्हा कधी विचारलं नाही. नागपूर सुटलं, बायको वारली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ते वाट पाहत राहिले.

आज दुपारी तिरडीवर बांधताना उजवा हात काही केल्या सरळ होईना. तसाच वाकडा बांधला.

अग्नी द्यायच्या आधी गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. गिरणीच्या टीमचा तेव्हाचा कॅप्टन. नाव लिहीत नाही. देवाभाऊंनी घेतलं नाही, मी कोण घेणारा?

काठी त्याने सोबतच्या नातवाकडे दिली. चितेकडे तोंड केलं.

आणि उजवा हात वर केला.

हात वरच ठेवला. खाली घेईना. आम्ही जुने खेळाडू एकमेकांकडे पाहत राहिलो. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

माझ्या पायाशी चितेची लाकडं होती. त्यातलं एक चांगलं जाडजूड मी उचललं. खोटं कशाला लिहू, चितेसाठी नव्हतं उचललं.

दोन पावलं त्याच्याकडे गेलोही.

मग गालावर ती थापड आठवली.

लाकूड चितेवर ठेवलं.

देवाभाऊ, लय उशिरा झाला, पण हात वर झाला. आता झोपा निवांत.

तुमच्या सगळ्या मोडक्या नाकांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.