गुरोचं विरजण

नॉर्वेतल्या व्होसच्या डोंगरउतारावर प्रत्येक घरच्या बिअरची चव वेगळी, कारण बिअर आंबवायचं प्रत्येकाचं विरजण वेगळं. ते गोल लाकडी कड्यावर सुकवून खिळ्याला टांगून ठेवतात. आन्फिनच्या घरी हे काम त्याची बायको गुरो करायची. ती गेली त्या हिवाळ्यात आन्फिनने पिंप उकळत्या पाण्याने धुतलं आणि कडंही त्यातच बुडवलं. विरजण मेलं. पुढची सहा वर्षं तो दुसऱ्यांकडे बिअर चाखायला जात राहिला, स्वतःकडे मात्र त्याने कुणाला बोलावलं नाही.

यंदा नाताळाआधी तो शेजारच्या मार्टाकडे गेला. "गुरोने तुला विरजण दिलं होतं. त्यातलं थोडं दे."

दिलेलं विरजण कधीही परत मागावं, ही तिथली रीत. मार्टाने दिलं. "पण माझ्यात मिसळलंय हं," ती म्हणाली. "आता तिचं किती, माझं किती, देव जाणे."

त्या विरजणाने आंबवलेल्या बिअरचं पिंप उघडायच्या दिवशी आन्फिनकडे शेजारी जमले. "सहा वर्षं आमची प्यायलास," एकजण म्हणाला, "आज सगळी वसूल करणार."

आन्फिनने स्वतः घोट घेतला नाही. तो मार्टाच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने संत्र्यासारखा वास हुंगला, दोन घोट घेतले.

"तिची नाही," ती म्हणाली. "पण जवळ आहे."

"किती जवळ?"

"तुझ्या घरापासून माझं घर आहे, तितकी."

आन्फिनने मान हलवली. मग त्याने पिंपाच्या तळाशी बसलेला विरजणाचा साका काढला, गुरोच्या जुन्या कड्याला फासला आणि कडं तिच्या खिळ्याला टांगलं.