एकादशीला ब्राझीलचे चार गोळे

मंडळी, मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी बोलतेय आणि सून टाइप करतेय. एकही शब्द गाळू नकोस गं!

आज मुलाने हौसेने शिकागोच्या ब्राझिलियन हॉटेलात नेलं. माझी एकादशी. सून म्हणाली, “आई, हे चीजचे गोळे घ्या. साबुदाण्याच्याच कंदाचं पीठ असतं, उपासाला चालतं.”

गरमागरम होते, चार खाल्ले. मग मुलाने मेनूकार्ड वाचलं आणि हसतच सुटला. “आई, यात अंडं आहे!”

एवढी शिकलेली दोघं, कार्ड समोर पडलेलं, आधी वाचून सांगायला काय झालं होतं? आणि हसतोस कसला?

आता सून विचारतेय, “हे डिलीट करू का?” खबरदार!

तुम्हीच सांगा, पाप कुणाला लागतं? खाणारीला, की वाचता येत असून न वाचणाऱ्यांना?