रॉकेटच्या कापडातली गाठ

आमच्या कोसाडच्या कॉलनीत अशी खबर आहे की तिसऱ्या मजल्यावरचे उखाआबा मिसाईल बनवतात. तळमजल्याच्या सुंदराकाकू ती खिडकीचा गज धरून, आवाज खाली आणून सांगतात, जसा काही शत्रू पाण्याच्या टाकीमागेच उभा आहे: "बॉम्ब गं! हातानं भरतात. म्हणून तर कोणाशी बोलत नाहीत."

बोलत नाहीत, कारण थकलेले असतात. आणि भरत काही नाहीत, विणतात.

खानदेशातून आले तेव्हापासून आबा लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर. सगळा जन्म साड्यांत गेला. मग पलसाण्याच्या एका कारखान्याने त्यांना वेगळ्या लूमवर घेतलं. तिथे रेयॉनचं जाड पांढरं कापड निघतं. फूल नाही, किनार नाही. पुढे दुसऱ्या गावी ते भट्टीत काळं करतात, राळेत भिजवतात आणि रॉकेटच्या ज्या तोंडातून आग बाहेर पडते, त्याला आतून थरावर थर बसवतात.

हे मला आबांनीच सांगितलं, जिन्यात बसून, एक बूट काढून. दुसरा काढायला दम उरला नव्हता. त्यांचं प्रत्येक वाक्य असं निघतं, जसं कोणी पोतं ओढत आणतंय.

"आत घट्ट इंधन राहतं, पोरी... रबरासारखं. वर्षानुवर्षं भरून ठेवा, काही होत नाही. म्हणून मिसाईलले बरं. हुकूम आला की निघालं... टाकी भरत बसायचं नाही."

"आणि उपग्रहवाल्यांना?"

"त्यांना जमिनीवरून उचलायचं असतं ना. पहिला धक्का हेच देतं. पण एकदा पेटलं की बंद होत नाही. आपल्या लूमला बटण आहे... त्याला नाही."

"मग तोंड वितळत नाही?"

"कापड जळतं ना तिथं. हळूहळू, एकेक थर. तेवढ्यात काम होऊन जातं." काढलेला बूट त्यांनी पायरीला लावून ठेवला. मग म्हणाले, "साडी निदान कोणी नेसतं तरी."

साडीच्या लूमवर धागा तुटला की कारागीर न बघता चुटकीसरशी गाठ मारतो. गाठ दिसली नाही तर तो हुशार, लूम थांबवली तर तो ढिला. रॉकेटच्या कापडात उलटं. धागा तुटला की लूम थांबवा, लाल चिठ्ठी लावा, सुपरवायझरला बोलवा, तेवढा तुकडा कापून टाका. गाठ राहिली तर थरांमध्ये फट राहते, आणि आगीला फट सापडली की संपलं.

गेल्या महिन्यात बदलीचा माणूस आला नाही, आबांना दुसरी पाळीही करावी लागली. डोळे मिटत होते. धागा तुटला आणि बोटांनी आपसूक गाठ मारली. आबांच्या लक्षात आलं तेव्हा कापड रोलवर गुंडाळलं गेलं होतं.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या बायकोकडे, मंगलामावशीकडे, कढीपत्ता मागायला गेले होते.

"तुमले कोनी दखं का?" मावशीने विचारलं.

"नही."

"मग हात धुवा, जेवाले बसा."

"सांगनं पडी. उतरवतीन लूमवरनं."

उतरवतील म्हणजे परत साड्यांचं खातं: बारा तास उभं राहायचं, सहा लूम सांभाळायच्या, बसायला जागा नाही. आबांचे गुडघे आधीच जिन्यात कुरकुरतात. पलसाण्याला खुर्ची होती, पंखा होता, रविवार होता.

"आबा, तुम्ही नाही सांगणार," मी म्हटलं. "कोणीच नसतं सांगत."

"सांगेन."

"पैज?"

"लाव. तू जिन्यात माझा आवाज काढते ना, पोरं हसतात... हरली तर तो बंद."

मला वाटत होतं त्यांना ते माहीत नाही.

"लाव गं लाव," मावशी ताट वाढत म्हणाल्या. "देव करो आणि हे हरोत."

दुसऱ्या दिवशी आबा सुपरवायझर ठाकोरभाईंसमोर उभे राहिले. ठाकोरभाईंचा गुजराती सूर मी आबांच्या तोंडून ऐकला तसा देते, त्यांची नक्कल पैजेत नाही: "अरे उखा! कोईए जोयूं? नथी जोयूं! तो बोल्यो केम, भला माणस?" कोणी पाहिलंच नव्हतं, मग बोललास कशाला, असं.

"झोप येत नाही, साहेब," आबा म्हणाले. "मला झोप पाहिजे."

रोल उलगडला, गाठ सापडली, तुकडा कापला गेला. ठाकोरभाईंनी वर शब्द टाकून पाहिला, पण ज्याचा हात गाठीकडे जातो त्याला त्या लूमवर ठेवत नाहीत. सोमवारपासून आबा भेस्तानच्या कारखान्यात, परत साड्यांवर.

आता सुंदराकाकूंकडे नवी खबर आहे: "मिसाईल फुटलं म्हणे यांच्या हातून!" मी त्यांना खरं काय ते सांगितलं, माझ्याच आवाजात. त्यांना मजा आली नाही.

काल संध्याकाळी जिन्यात सगळी पोरं बसली होती. आबा आले. पहिल्या वळणावर थांबले, कठडा धरला आणि तो त्यांचा लांब श्वास सोडला, जो माझ्याइतका हुबेहूब कोणालाच जमत नाही. मग गुडघ्यावर हात टेकून एकेक पायरी वर गेले. दार लागल्याचा आवाज आला.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. "काढ ना!"

मी तोंड मिटून बसले. पैज हरले होते.