कारण निश्चित नाही

नव्वदच्या दशकात मी इंदापूर सोडून समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरीला होतो. पाणी, वाळू, मासे तपासायचे आणि काही वावगं दिसलं तर अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम. गावाकडे मात्र मी बॉम्ब बनवतो असा बोलबाला होता. खरं तर निम्मा दिवस मी बाटल्या धूत असे.

एका सकाळी, केंद्राचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे मासे मरून पडले. मी पाणी तपासलं. किरणोत्सर्ग नेहमीएवढाच होता, पाणी मात्र भलतंच तापलेलं. ‘गरम पाण्याने मासे मेले,’ असं मी सरळ लिहिलं. साहेबांनी कागद परत केला. “अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? अणू म्हटल्यावर पेपरवाले पुढचं वाचतात का?” मग ‘मेले’चं ‘आढळले’ झालं, ‘गरम’ गेलं, आणि शेवटी एक वाक्य आलं: कारण निश्चित नाही. मी सही केली. फाटकाबाहेर कोळणी विचारत होत्या, जाळ्यातली मासळी खायची की टाकायची? उत्तर साधं होतं, खुशाल खा; पण ते सांगायची मला परवानगी नव्हती. बिचाऱ्यांनी टाकून दिली. साहेबांचा मला असा संताप आला, की तो मी घरी बायकोवर काढला.

मे महिन्यात रजेवर गावी आलो. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा नवा कारखाना झाला होता. ओढ्यात मासे उलटे पडलेले, आणि काठावरची विहीर, जिचं पाणी सगळी वस्ती प्यायची, ती वास मारत होती. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “तू ह्येच काम करतूस न्हवं? लिव अर्ज. आमचं कोन ऐकतंय हितं?” कारखान्याची नळी ओढ्यात सोडलेली मी स्वतः जाऊन पाहिली. एकटाकी अर्ज लिहिला. आबांनी तो इंदापूरच्या कचेरीत नेऊन दिला.

दिवाळीत येऊन बघतो तर विहीर तशीच. आबांना घेऊन कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम्हीच लिहिलंय, कारण निश्चित नाही. मग आम्ही नोटीस कुणाला काढायची?”

अक्षर माझंच होतं. ते वाक्य लिहिल्याचं मला आठवतही नव्हतं. केंद्रात एकेक अहवाल त्याच वाक्याने संपवून हाताला वळणच पडलं होतं.

स्टँडवर आल्यावर आबांनी विचारलं, “नळी तू सोता बगितली व्हतीस ना?”

“व्हय, आबा.”

“मग लिवलं का न्हाय? तुजी आई त्येच पानी पिती हाय.”

खापर फोडायला तिथे साहेब नव्हते. मी बाकावर बसून नवा कागद काढला. ‘कारखान्याच्या नळीतल्या पाण्याने’ इथपर्यंत आलो आणि हात अडला. आबा शेजारी बसून कागदाकडे बघत होते.