पथ्याच्या ओळींत घुसवलेली पावडर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. रविवारी विहारात वंदना झाली की बायका मला घेरतात, पथ्याचं विचारतात — तेव्हा अगदी ओठांवर येतं, आणि मी पदर सावरत दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागते. आज तुमच्याजवळ बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

कुठून सुरू करू? ब्लॉगपासूनच करावं लागेल.

आमच्या जळगाव जामोदकडच्या, संग्रामपूरकडच्या पट्ट्यात पाणी खारं. किडनीचा आजार इथे इतका, की कुणाला निघाला म्हटलं तर लोक "कुणाला?" एवढंच विचारतात, "कशानं?" असं कुणी विचारत नाही. माझ्या सासऱ्यांनाही तोच निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत घालायची, मग उकळायची आणि क्षार उतरलेलं ते सगळं पाणी फेकून द्यायचं. उरतं काय? चोथा! त्या चोथ्याला चव आणायची, तीही जवळजवळ मिठाशिवाय. सासरे ठेच्यावर वाढलेले. किती रुसायचे! पण मीही हट्टाला पेटले. लसूण, भाजलेलं जिरं, ओवा, लिंबाचे चार थेंब. एकदा दुधी भोपळ्याच्या भाजीनं त्यांनी ताट पुसून घेतलं, तेव्हा मी वर्गात पहिली आल्यासारखी घरभर नाचले.

तेच मी ब्लॉगवर लिहायला लागले. मोठी अक्षरं, सोपी भाषा, एकेक पायरी. सासरे गेले, तरी लोक वाचत राहिले. "ताई, तुमच्यामुळे आमचे बाबा जेवायला लागले," असं कुणीकुणी लिहायचं. मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे.

मग जाहिराती आल्या. गरज होती असं म्हणू का? नको, तेही खोटंच होईल. नवरा शिक्षक, घर नीट चाललेलं. मला माझी स्वतःची कमाई हवी होती — माहेरी जाताना कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच. यात वाईट काय? यात काहीच वाईट नव्हतं. वाईट पुढे आहे.

आधी आपोआप येणाऱ्या जाहिराती लावल्या. कर्जाच्या, साड्यांच्या, पत्त्यांच्या खेळाच्या. पाककृतीच्या तळाशी पडून असायच्या; भोपळ्याची भाजी वाचायला आलेलं माणूस पत्ते कशाला खेळेल? चार पैसेही सुटेनात. मग किडनीची पावडर विकणाऱ्या एकाचा फोन आला. जाहिरात थेट त्याची लावायची, जितकी विक्री तितका माझा हिस्सा. मी लावली. तरी विक्री होईना. तो म्हणाला, "जागा बदला ताई, तळाशी कोण पाहतं?"

मी जागा बदलली. कशी बदलली ते आठवलं की अजून मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरा, भिजवा, उकळून पाणी फेका — आणि त्याच्याच खाली, त्याच अक्षरांत, त्याच रंगात: "रोज सकाळी ही पावडर कोमट पाण्यातून घ्या." मग पुढे फोडणी. त्या ओळीच्या वर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असा शब्द होता. तो मी काढला. पावडरवाल्यानं सांगितलं म्हणून नाही. माझी मला ती युक्ती सुचली आणि सुचली याचा मला आनंद झाला.

पावडर धडाधड खपायला लागली. मी स्कूटी घेतली. गावभर मिरवली. पुढे —

नाही, थांबा. मधलं एक मी गाळून चालले होते, पाहिलंत ना? सवयच लागलीय. ब्लॉगच्या अगदी पहिल्या दिवसांत मी लिहिलं होतं, की डॉक्टरांनी बजावलंय: विचारल्याशिवाय कुठलीही जडीबुटी, कुठलीही पावडर द्यायची नाही, किडनीवर ताण येतो. म्हणजे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मीच लोकांना ते शिकवत होते. पावडरीची जाहिरात लावली त्या दिवशी तो परिच्छेद मी पुसून टाकला.

कोण फसेल असं वाटलं होतं मला? कुणीतरी लांबचं, ज्याचा चेहरा मला कधी दिसणार नाही. फसली माझी सख्खी मावशी.

मावशी संग्रामपूरला असते. तिच्या किडनीचं नुकतंच निघालं होतं, पण वेळेत. गोळ्या आणि पथ्य सांभाळलं तर मशीनवर, म्हणजे डायलिसिसवर, जायची वेळ लवकर येणार नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि पथ्याला माझ्याइतकं भरवशाचं कोण? तिची सून ओट्याशी मोबाइल टेकवून माझी पाककृती मोठ्यानं वाचायची, मावशी ऐकत ऐकत भाजी चिरायची. सून ओळीमागून ओळ वाचत गेली. पावडरीचीही वाचली. त्यांच्या लेखी ती पथ्यातलीच एक पायरी होती — भाचीनं लिहिलेली.

एक दिवस मावशीचा फोन आला.

"जयभीम व बाई. ते पावडर घेऊन राह्यली मी. तुह्या सासऱ्याले चालली होती न?"

एका वाक्याचं काम होतं. मावशी, ती जाहिरात आहे, फेकून दे. पण मग ती विचारणार — जाहिरात होती तर तसं लिहिलं काऊन नाही? माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"हाव मावशी, चालली होती."

सासऱ्यांनी त्या पावडरीचा डबासुद्धा पाहिला नव्हता. ती आमच्याकडे आली तीच ते गेल्यावर. ज्या माणसाला मी स्वतःच्या हातानं भरवलं, त्याच्या नावावर मी खोटं खपवलं.

"मंग ह्या गोया कायले खाऊ व? गोयीनं मले चक्कर येते."

"तुले जसं बरं वाटीन तसं कर," मी म्हणाले, आणि भाजी करपतेय असं सांगून फोन ठेवला. गॅस पेटवलेलाही नव्हता.

तिनं गोळ्या सोडल्या. मला अंदाज होता, असं म्हणणार होते — अंदाज कसला, पुरतं ठाऊक होतं. रोज वाटायचं, आज फोन करू. भांडी घासताना वाक्य जुळवायचे, हात पुसेपर्यंत मोडून टाकायचे. काय गेलं असतं माझं? चार बायकांत थोडी नाचक्की, एवढंच ना? तेवढीही मला सोसवेना. शेवटी तिचे पाय सुजले, दोन पावलांत दम लागायला लागला, तेव्हा तिला खामगावला नेलं. आता आठवड्यातून दोनदा मशीन.

डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं ते सांगता येणार नाही, आजार तसाही वाढला असता. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! पण डॉक्टरांना त्या फोनचं कुठे माहीत होतं?

जाहिरात मी काढली. गुपचूप. का काढली, ते ब्लॉगवर अवाक्षरानं लिहिलं नाही. पुसलेला परिच्छेदही परत घातला नाही — घातला तर कुणीतरी विचारेल, मध्ये हा कुठे गेला होता? तुमच्यापैकी कुणी ती पाककृती वाचली असेल. मला कळायला मार्ग नाही.

मागच्या आठवड्यात खामगावला मावशीच्या खाटेशी बसले होते. तिच्या एका हाताला नळ्या लावलेल्या, दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती मोठ्या कौतुकानं सांगत होती, "हे माही भाची. हिनं सासऱ्याले लय सांभाळलं. हिचंच पाहून रांधतो आमी."

ती बाई उशीवरून थोडी उठली. "ह्या बाई म्हणत होत्या, ते पावडर तुमीच सांगतली होती का व ताई? आता कुठी भेटते ते?"

मावशी माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं, मी त्या बाईचंही भलं करीन.

"सध्या बंद हाये," मी म्हणाले. घेऊ नका, असं म्हणाले नाही.