चातुर्मासात बॅटरी ऐकणारा माणूस

मी सहजासहजी कुणाला मानत नाही. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा, उर्मिलाचं तोंड कसं आहे ते सांगतील. पण पेणकरपाड्यातल्या दत्ताराम काकांपुढे हे तोंड बंद झालं.

आमची एक जुनी पांढरी गाडी आहे, खास नवरदेवांसाठी भाड्याने द्यायची. माझा नवरा बबन ती स्वतः चालवतो. आषाढी एकादशीला मुहूर्त थांबले की तुळशीच्या लग्नापर्यंत ती मागच्या शेडमध्ये उभी. बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी देवपूजा आटोपली की गाडीलाही हळदकुंकू वाहायचे, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे. तरी कार्तिकात बाईसाहेब हमखास रुसलेल्या. मग मी बॅटरी विकणाऱ्याचा उद्धार करायचे.

पाच वर्षांपूर्वी दत्ताराम काका शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायला आले होते. माझी पूजा त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "ताई, गाडी चालू करताना बॅटरी जेवढं देते, तेवढं दोन मिनिटांत तिला परत मिळत न्हाय. तुम्ही रोज तिला थोडी थोडी रिकामी करताय."

भर सोसायटीत माझी अक्कल काढली म्हणून मला राग आला. बबनने मात्र त्यांना चहाला वर नेलं.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत चौतीस वर्षं काढलेली. त्या वर्षापासून एकादशी झाली की बबन बॅटरी काढायचा आणि स्कूटरवर पायाशी ठेवून त्यांच्या खोलीवर न्यायचा. काका गरम पाण्यात सोडा घालून तिची टोकं पुसायचे, तिच्या सहाही घरांची झाकणं उघडून आतलं पाणी बघायचे आणि खिडकी सताड उघडी ठेवायचे. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो, म्हणून त्या दिवशी देवापुढे उदबत्तीसुद्धा नाही. चार्जिंग अगदी सावकाश, दर तीन आठवड्यांनी. गाडी पुन्हा कधी अडली नाही.

मग काचबिंदूने काकांची नजर नेली. इन्व्हर्टरवाल्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. एकटा माणूस, वय शहात्तर. हाताला उरली ती आमची एक बॅटरी. पुढच्या चार्जिंगचा दिवस ते बोटांवर मोजत बसायचे. मीटर आता बबन वाचायचा आणि काका बॅटरीपासून वीतभर अंतरावर, चार्ज होताना आत उठणाऱ्या बुडबुड्यांकडे कान धरून बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं मन राखायला चाललंय, चालू दे.

यंदा दिवाळीआधीच्या शेवटच्या चार्जिंगला मीही गेले होते. चार्जर काढला, बबनने मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर, म्हणजे भरलेली. आम्ही निघायच्या तयारीत असताना काका म्हणाले, तिसरं घर झोपलंय. बाकीची पाच उकळत होती, त्याचा आवाजच आला नाही. ही लग्नाला न्यायची नाही.

मी वैतागले. डोळ्यांना दिसत नसलेल्या माणसाने मीटरला खोटं ठरवायचं? बाहेर येऊन बबनला म्हटलंसुद्धा, आता यांचं पुरे झालं. काकांना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी एवढंच सांगितलं की चार्जर काढल्या काढल्या आकडा फुगलेला असतो, तीन दिवस तिला हात लावू नका, मग मोजा.

तीन दिवसांनी बबनने मोजली. साडेदहा. पुन्हा मोजली. साडेदहाच, म्हणजे एका घराचे दोन व्होल्ट गेलेले. मी तिथेच शेडमध्ये स्टुलावर बसले. उकळणाऱ्या सहा घरांतलं एक गप्प आहे हे माणसाला कानाने कळतं, यावर माझा आजही पुरता विश्वास बसत नाही, आणि मी ते डोळ्यांदेखत पाहिलंय.

आम्ही दोघं काकांकडे गेलो. कुठली घेऊ, असं बबनने विचारलं. जुन्या पद्धतीची सांगतील, अशी माझी खात्री होती. काका म्हणाले, बंद झाकणाची घ्या. तिला पाणी लागत नाही. चातुर्मासात आपोआप थांबणारा चार्जर जोडून ठेवा, आणि वायर सोडताना आधी काळी सोडायची. सगळं बबनकडून दोनदा वदवून घेतलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बॅटरीला उघडायला झाकण नाही, आत बघायला पाणी नाही. ती पेणकरपाड्यात यायचीच नव्हती. आणि हे त्यांना त्या दिवशी कान लावला तेव्हाच कळलं होतं. मीटर त्यांच्या बाजूने होता. गप्प बसले असते तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं.

मी विचारलं, "काका, तुमचं एवढंच काम उरलं होतं. तरी बोललात?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"ऐकू आलं ना, ताई. मग न्हाय आलं कसं म्हनू?"

मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही. त्या दिवशी वाकले, आणि काकांनी घाईघाईने पाय मागे घेतले.