देवाचा हार आणि गाडीची शिट्टी

झेंडूच्या उग्र वासासोबत मला अजून ती शिट्टी ऐकू येते. वडिलांनी नवी गाडी घेतली, तिला मागे काही आलं की शिट्टी वाजवणारा सेन्सर होता. वडिलांना त्याचा पहिल्यापासूनच संशय. राजूरच्या गणपतीला पूजा झाली, गाडीला पुढे-मागे हार घातले आणि रिव्हर्स टाकताच ती टीं टीं करू लागली. "मागं तर कोनीच न्हाई! बिलकुल फसवलं आपल्याला." मी उतरून पाहिलं, तर हार सेन्सरवर लोंबत होता. "काढू का?" "देवाचा हार हाय. वरडू दे तिला." हसनाबादला घरासमोर गाडी मागे घेताना पुन्हा तेच टीं टीं. "हाराला भिऊन राह्यली," म्हणत वडील मागे घेतच राहिले. "आवो, थांबा!" आई किंचाळली. नव्या गाडीची दृष्ट काढायला ती भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागेच आली होती. ती कशीबशी बाजूला झाली, पण हातातून सुटलेला तांब्या चाकाखाली चपटा झाला. वडिलांनी उतरून हार काढला. आता माझ्या नव्या गाडीत मागचं सगळं पडद्यावर दिसतं. तरी आई भाकरतुकडा समोरूनच ओवाळते, आणि त्याआधी माझ्याकडून चावी मागून घेते.